विणेल ती बसेल

बस थांबली आणि माझं कपाळ पुढच्या बाकाच्या दांडीवर आपटलं. दुखलं ते नंतर. आधी ओळख पटली. ब्रेकचा दाब, केसभर सोड, पुन्हा दाब. तेवढ्या एका क्षणात माझी टोपी डोळ्यांवर आली, मांडीवरची पिशवी खाली गेली, शेजारच्या बाईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं, आणि मी मात्र त्या मधल्या केसभर सोडीपाशीच अडकून राहिले. ती सोड मला ठाऊक होती. लढाईच्या पहिल्याच वर्षी ती या जगातून गेली असं मी धरून चालले होते. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून वास वर आला, तापल्या पितळेचा आणि जळक्या राळेचा, तसे लोक नाकाला रुमाल लावायला लागले. मी तो छातीभर ओढून घेतला. खोकला आला, तरी घेतला. बायकांना माहेरच्या चुलीचा वास येतो तेव्हा त्या अशाच गप्प होत असतील.

खरं तर मी त्या बसमध्ये असायलाच नको होते. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता सेथ म्हणाला होता, "आई, आज माझ्या गाडीत बसायचं नाही. तू मागं बसून कान लावतेस, ते मला मानेवर कळतं." मी म्हटलं, "मी कशाला बसू? मला बटाटे आणायचेत." "बटाटे खालच्या गल्लीत मिळतात." "सडके असतात ते." "आई." "बरं, नाही बसत." आणि तो गेल्यावर मी कोट चढवला, कॉलर वर केली, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि वॉकलीच्या वरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. शब्द मोडला म्हणा. पण आज त्याच्या उमेदवारीचा शेवटचा दिवस. पोलादाच्या कारखान्यानं त्याला घरी बसवल्यापासून त्यानं शेफील्डमधलं एकही फाटक ठोठावायचं ठेवलं नव्हतं. संध्याकाळी आगीसमोर बसायचा, मोठे मोठे हात गुडघ्यांमध्ये धरून, आणि मी काही बोलले की म्हणायचा, "ऐकतोय." ऐकत नसायचा. आता कुठं ही ड्रायव्हरची नोकरी हाताशी आली होती, आणि बसखात्याचे इन्स्पेक्टर हॅलम अगदी पुढच्या बाकावर बसून काचेतून त्याची प्रत्येक हालचाल पाहत होते. ते चांगलं म्हणाले तर नोकरी पक्की, नाही म्हणाले तर पुन्हा आगीसमोर. अशा दिवशी आईनं घरी बसून बटाटे सोलावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी सोलावेत. आमच्याकडं तशी रीत नव्हती.

आमच्याकडं म्हणजे बारमूरला, डार्बीशरच्या डोंगरात, गारसाइडच्या कारखान्यात. मोटारीच्या चाकाला ड्रम असतो, आणि ब्रेक दाबला की त्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवतो तो हातभर लांबीचा पट्टा. तो पट्टा आम्ही विणायचो. अ‍ॅस्बेस्टॉसचा दोरा, त्यात पितळेची तार, मग राळेत बुडवून, दाबून, भाजून. शेडमध्ये त्या दोऱ्याची पांढरी भुकटी सदा तरंगायची. आम्ही तिला बर्फ म्हणायचो आणि घरी जाताना केसांतून झटकायचो. डॉक्टर आता म्हणतात, छाती जुनी झाली. छाती माझी, माझ्याबरोबर जुनी होणारच. तर नवा पट्टा झाला की तो गाडीला बसवायचा आणि बारमूरच्या उतारावरून गाडी भरल्या वजनानं खाली सोडायची, हा नेम. आधी वजनाला गोण्यांत दगड भरायचे. एकदा गाडी दगडांसकट मेथडिस्टांच्या प्रार्थनाघराच्या भिंतीत घुसली. चालवणारा वेळेवर उडी मारून वाचला. गारसाइडसाहेब भिंतीतलं ते भोक बघून शेडमध्ये आले आणि माग बंद करायला लावून म्हणाले, "आजपासून दगड बंद. दगडाला घरी कुणी वाट बघणारं नसतं. जी विणेल ती बसेल." आम्ही चौघी होतो त्या मागांवर. कुणी रडलं नाही. जेमायमा ब्रॅडवेल एवढंच म्हणाली, "मग मला पुढची जागा. मागं बसलं की मला मळमळतं." आणि त्या दिवसापासून आमचं विणणं बदललं. आपल्याच खाली जे यायचंय ते माणूस वेगळ्या हातानं विणतं. गावच्या बायका आम्हाला चेष्टेनं गारसाइडची वजनं म्हणायच्या, आणि रविवारी प्रार्थनाघरात त्या नव्या विटांच्या ठिगळाशेजारी आम्ही चौघी ताठ मानेनं बसायचो. मला अजून कुणी वजन म्हटलं तर राग येत नाही.

बसमध्ये एव्हाना गलका झाला होता. काचेपलीकडं सेथची मान दिसत होती, हलत नव्हती. मी बाकाला धरून उठले आणि खिडकीतून पाहिलं. ओल्या दगडी रस्त्यावर, बसच्या अगदी नाकाशी, एक जुनी बाबागाडी उलटली होती. गॅसच्या कारखान्यातून कोक, म्हणजे गॅस काढून उरलेला कोळसा, भरून लोक बाबागाडीतून घरी नेतात, तशीच ही. उतारावर हातून सुटली असणार, आणि ती धरायला बाई मागं धावली असणार. बाई आता उकिडवी बसून कोकचे तुकडे एप्रनमध्ये गोळा करत होती आणि डोक्यावर उभ्या असलेल्या बसकडं बघतसुद्धा नव्हती. माझ्या पुढच्या बाकावरचे गोल टोपीवाले गृहस्थ मात्र उठून उभे होते. त्यांच्या हातात केकचा पुठ्ठ्याचा डबा होता आणि डब्याचा आकार डब्यासारखा राहिला नव्हता.

"हा काय प्रकार आहे?" ते कंडक्टरला म्हणाले. "हे पोरगं बस हाकतंय की कोळशाची हातगाडी?"

"रस्त्यात बाई आली साहेब," कंडक्टर म्हणाला.

"बाया रस्त्यात येणारच. थांबायची एक पद्धत असते. आधी धक्का, मग ढिलं, मग आणखी धक्का. एकदा काय ते नीट दाबता येत नाही? इन्स्पेक्टर, तुम्ही बघितलंत ना? मला तक्रार द्यायची आहे."

माझ्या शेजारची बाई बरगडीला हात लावून म्हणाली, "खरंय हो. मी तर दोनदा आपटले." आपटली होती माझ्यावर, पण ते राहू दे. इन्स्पेक्टर हॅलम उठले. जाडजूड, ओठ घट्ट मिटलेला माणूस. त्यांनी खिशात घड्याळ ठेवलं आणि खाली उतरले. आधी धक्का, मग ढिलं, मग आणखी धक्का. त्या टोपीवाल्यानं बरोबर सांगितलं होतं, अगदी अक्षर न् अक्षर, आणि जे त्याला पोराचं अडाणीपण वाटलं ते ऐकून माझी मान ताठ झाली होती. एकाच वेळी भीती आणि गर्व अशी माझी अवस्था मला नवी नव्हती. उतारावर जाणाऱ्या गाडीत मी तशीच बसायची.

कारण दगड बंद झाल्यावरचं आमचं पहिलं अ‍ॅस्बेस्टॉस आम्हीच बिघडवलं होतं, आणि तेही चांगलं विणून. आम्ही चौघी सुतागिरणीतल्या पोरी, आयांच्या हाताखाली मागावर वाढलेल्या. कापड विणलं की ते दिव्यासमोर धरायचं आणि त्यातून उजेड दिसला तर आई पाठीत धपाटा घालायची. ठोकून ठोकून विणायचं, पाण्याचा थेंब अडला पाहिजे. आम्ही तो पहिला पट्टाही तसाच विणला. गुळगुळीत, घट्ट, बघत राहावा असा. साहेबांनी पाहुण्यांना दाखवला. मग आम्ही चौघी टोप्या बांधून गाडीत बसलो आणि अर्ध्या उतारावर त्या देखण्या पट्ट्यावर काचेसारखी चकाकी चढली आणि ब्रेकनं मान टाकली. एझ्रा बॅगशॉ चालवत होता. माझा नवरा, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्यानं गाडी डाव्या हाताच्या चढाच्या बांधावर चढवली, काटेरी कुंपणात घातली आणि थांबवली. जेमायमाची टोपी कुंपणावर राहिली. ती वसंतापर्यंत तिथंच होती, एका पाखरानं त्यात घर केलं. खाली आल्यावर एझ्रानं पट्टा काढून आमच्या जेवायच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या कपातला उरलेला चहा त्यावर ओतला. चहा घरंगळून टेबलावर आला. पट्टा कोरडा. "बघा," तो म्हणाला, "इतकं चांगलं विणलंय की त्याला पिताच येत नाही. राळ वरच्या वर बसली आणि वरच्या वर जळाली." "मग कसं विणायचं?" मी विचारलं. नवरा असला तरी शेडमध्ये मी त्याला मिस्टर बॅगशॉ म्हणायची. तो म्हणाला, "दिव्यासमोर धरल्यावर उजेड दिसू दे, मिसेस बॅगशॉ." ते काय सोपं होतं? हात ऐकेनात. ठोका जास्तच बसायचा. ढिलं विणायचं म्हणजे आमच्या लेखी लाज सोडायची. मी तो ढिला पट्टा विणत होते तेव्हा आई शेडच्या दारात उभी आहे असं वाटायचं, तिला मरून बरीच वर्षं झाली होती तरी. पूर्ण झाला तो पट्टा असा दिसत होता की भांडी घासायलासुद्धा कुणी घेतला नसता. मी त्यावर फडकं टाकून ठेवलं.

आणि त्याच दिवसांत मला दिवस गेले होते. पोटुशी बाईनं गाडीत बसायचं नाही, एवढा एकच अपवाद साहेबांनी ठेवला होता. मी कुणाला सांगितलं नाही. एझ्रालाही नाही. सांगितलं असतं तर माझ्या जागी दुसरी बसली असती, मी विणलेल्या पट्ट्यावर, मी लाज सोडून विणलेल्या. ते मला सहन झालं नसतं. आज लोक म्हणतील, काय ही आई. म्हणू देत. मी माझ्या हातावर विश्वास ठेवून बसले होते आणि त्याच्या पायावर. सकाळची वेळ होती, गवतावर दहिवर होतं, आणि गाडीनं वेग घेतला तसं माझ्या पोटात दोन गोष्टी हलल्या, एक भीती आणि एक ती नव्हे. अर्ध्या उतारावर, मागच्या खेपेला पट्टा मेला त्याच वळणावर, समोर मेंढरं आली. कुणाची तरी मेंढरं, फाटक उघडं राहिलेलं. जेमायमा मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागली. एझ्रानं दाबला. चाकं जखडायला लागली, मागची बाजू घसरायला निघाली, तोच त्यानं केसभर सोडला आणि पुन्हा दाबला. गाडी सरळ उभी राहिली. धूर, वास, आणि एक मेंढी बॉनेटला नाक लावून बघतेय. तो नेहमी म्हणायचा, ब्रेकला हुकूम करायचा नसतो, विचारायचं असतं. थांबतोस का? बरं, आता थांब. मी त्याला ते करताना शंभरदा पाहिलं होतं, पण अंगानं कळलं ते त्या दिवशी, आतपर्यंत. चाक काढलं तेव्हा माझा तो कुरूप पट्टा ड्रमला नीट लागून होता, जागच्या जागी, चकाकी नाही, भेग नाही. एझ्रानं माझा हात धरून ड्रमजवळ नेला, वीतभर अंतरावर, तिथंही धग लागत होती. तीही आमची रीतच, जिनं विणला तिच्या तळव्याला ती धग द्यायची. "तुझा आहे," तो म्हणाला. तेव्हा मी त्याला सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग उताराकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "आधी सांगायचं नाहीस? मी दगड भरले असते." "दगडांना काय कळतं," मी म्हटलं. तो तिथंच गवतात खाली बसला. त्याच्यासारख्या माणसाचे पाय गेलेले मी तेवढे एकदाच पाहिले. पुढं आमचे पट्टे लंडनच्या बसना गेले, मग सगळीकडं गेले. आणि लढाई लागली तसा एझ्रा फ्रान्सला गेला, लष्कराची लॉरी घेऊन, आणि राहिला तिथंच. सेथ तेव्हा एवढासा होता, टेबलाखालून ताठ चालत जाणारा.

मी बसमधून उतरले. इन्स्पेक्टर रस्त्यावर वाकून चाकांचे ओले माग बघत होते. सेथ आपल्या केबिनमधून खाली आला होता आणि बाईचा कोक उचलू लागत होता. टोपीवाले डबा घेऊन आलेच.

"मधेच पाय का सोडलास?" हॅलमनी विचारलं.

सेथ उभा राहिला. चेहरा भिंतीसारखा पांढरा. "माहीत नाही साहेब. मागची बाजू घसरेल असं वाटलं. पाय आपोआप गेला."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"ऐकलंत?" टोपीवाले म्हणाले. "माहीत नाही म्हणतोय. स्वतःच्या तोंडानं."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी सांगणार होते, शपथेवर, पण मीही कुणाची तरी आईच, आणि आईच्या साक्षीला बाजारात काय भाव असतो ते मला कळतं. माझं सगळं आयुष्य त्या ओल्या दगडांवर उमटून पडलं होतं आणि ते वाचायचं काम त्या जाड माणसाचं होतं. हॅलम मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत हळूहळू चालत गेले. मग त्यांनी रस्त्याच्या कडेच्या घराच्या भिंतीकडं पाहिलं, भिंतीपाशी पायरीवर दोन पोरी गोट्या खेळत होत्या त्यांच्याकडं, आणि पुन्हा त्या सरळ आलेल्या मागांकडं.

"केक कसला होता?" त्यांनी विचारलं.

"काय?" टोपीवाले म्हणाले. "शहाजिऱ्याचा. बहिणीकडं चाललो होतो."

"शहाजिऱ्याचा केक दबला तरी खाता येतो. मी बेकरीवाल्याचा मुलगा आहे, माझं ऐका. यानं पाय दाबूनच धरला असता तर गाडी आडवी फिरून त्या पायरीवर गेली असती, आणि मग तुम्ही आणि मी इथं केकबद्दल बोलत नसतो. तक्रार द्यायची तर खुशाल द्या, मी लिहून घेईन. खाली माझं म्हणणंही लिहीन."

टोपीवाल्यांनी पोरींकडं पाहिलं. मग डब्याकडं. "बहिणीचे दात तसेही नाहीत," ते पुटपुटले आणि बसकडं वळले. कोकवाली बाई पहिल्यांदाच वर बघून म्हणाली, "पोरा, तो मोठा तुकडा चाकाखाली राहिलाय बघ."

हॅलम सेथला म्हणाले, "हात थरथरतायत?"

"पाय, साहेब."

"थरथरू दे. तो थांबला की गाडी काढ. आणि सोमवारी डेपोत ये, गणवेशाचं माप द्यायला." एवढं बोलून ते गाडीत चढले, जसं काही झालंच नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. मी बसच्या कुशीला टेकून उभी होते, टोपी आता कपाळावर सरकलेली, लपायला काही उरलं नव्हतं. चाकाखालचा तुकडा काढून सेथ वळला आणि त्यानं मला पाहिलं.

"बटाटे?" तो म्हणाला.

"मिळाले नाहीत."

"कपाळाला काय झालं?"

"तू झालास."

त्याला हसू आलं नाही. त्यानं खिशातून रुमाल काढून माझ्या कपाळाला लावला, तो कोकनं काळा झाला होता हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "आई, तू मागं होतीस तर ऐकलंस ना? मी काय केलं ते मला खरंच कळलं नाही. उद्या पुन्हा जमलं नाही तर?"

"जमेल. ती तुझ्या बापाची सोड आहे."

त्याचं तोंड कडू झालं. हे त्याला आवडत नाही, मला ठाऊक आहे. लहानपणापासून बारमूरची माणसं त्याच्या नाकावरून, खांद्यावरून, चालण्यावरून त्याला बाप दाखवत आली, आणि त्याला स्वतःला काहीच दिसायचं नाही. "मला ते आठवतच नाहीत," तो म्हणाला. "एक मिशी आठवते, तीही फोटोतली असेल. मी त्यांच्याबरोबर कधी गाडीत बसलोसुद्धा नाही."

"बसलास," मी म्हटलं. "बारमूरच्या उतारावर मेंढरं आली होती, तेव्हा त्यानं अशीच थांबवली होती. पट्टा माझा होता."

"ती गोष्ट जेमायमामावशी सांगते. माझ्या जन्माच्या आधीची आहे ती. तू होतीस गाडीत."

"आपण दोघं होतो, सेथ."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर माझ्या कोटाच्या बटणांपर्यंत खाली आली, आणि मग रस्त्याच्या उताराकडं गेली, वर, जिथून तो आला होता. मग पुन्हा माझ्याकडं, अगदी बापाच्याच क्रमानं. मला वाटलं, हाही आता गवत शोधून खाली बसतो की काय. पण शेफील्डमध्ये गवत कुठलं? त्यानं माझा हात धरला, घट्ट. मी तो हात तसाच धरून पुढच्या चाकाकडं नेला आणि दोघांचे तळवे ड्रमसमोर वीतभर अंतरावर धरले. चांगलीच धग होती. पट्टा कुणी विणला होता देव जाणे, बारमूरचा असेल, नसेलही. माझ्या त्या वेळच्या पोरी आता नाहीत तिथं. पण कुणीतरी विणला होता, उजेड दिसेल असा.

कंडक्टरनं घंटा मारली. सेथ केबिनमध्ये चढला, मी मागच्या दारातून आत गेले. माझी पिशवी शेजारणीनं उचलून ठेवली होती. मी ती घेतली, पुढं चालत गेले आणि हॅलमसाहेबांच्या पलीकडच्या बाकावर, काचेला लागून, त्याला मान वळवली की दिसेल अशी बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. गाडी उताराला लागली.